गेटबाहेरचं चेंबर नक्की कुणाचं?

मीनाताई, बी-302: गेटबाहेरचं ड्रेनेजचं चेंबर परत भरून वर आलंय. सेक्रेटरी साहेब, इंदूर नगर निगमला सांगायचं की आयडीएला, म्हणजे विकास प्राधिकरणाला? मागच्या खेपेला इथे नुसते मेसेज पडले, पाणी तसंच.

सेक्रेटरी: ताई, निगमच्या 311 ॲपवर तक्रार टाकलीय. फोटो चेंबरपाशी उभं राहून काढला, लोकेशन चुकायला नको.

अप्पा, ए-204: आधी हस्तांतरणाचं पत्र शोधा.

बंटी, सी-101: अप्पा, सुप्रभात 🙏

वकीलकाका, ए-401: अप्पांचं बरोबर आहे. आपली योजना मध्य प्रदेशच्या 1973 च्या नगर तथा ग्राम निवेश, म्हणजे नगर नियोजनाच्या, अधिनियमातल्या धारा 50 खालची. प्लॉट, रस्ते, ड्रेनेज आयडीएने केलं. योजना निगमला सोपवली की देखभाल निगमची, लीज मात्र आयडीएकडेच. म्हणून लीज रेंट तिकडे आणि संपत्तिकर इकडे. दोन्ही पावत्या दाखवल्या तरी चेंबर कुणाचं ते ठरत नाही.

मीनाताई, बी-302: म्हणजे दोघांना पैसे द्या आणि वास आपण घ्या.

वकीलकाका, ए-401: पत्रापेक्षा त्यामागची सूची बघा. रस्ता आणि दिवे सोपवले, सीवर राहून गेली, असंही होऊ शकतं. आरटीआय लावा, फी 10 रुपये. ‘माहिती द्यावी’ असं मोघम लिहू नका. हस्तांतरण आदेश, दिनांक, सूची आणि नकाशा, या चारच गोष्टी मागा. चुकीच्या ऑफिसात गेला तरी धारा 6(3) प्रमाणे 5 दिवसांत पुढे पाठवावा लागतो.

सुमित (सध्या पुण्यात): आमच्याकडे निगडीचं प्राधिकरण 2021 मध्ये विसर्जित केलं. काही भाग महापालिकेकडे, काही पीएमआरडीए म्हणजे पुणे महानगर प्रदेशाच्या प्राधिकरणाकडे. लोक अजूनही ‘प्राधिकरणात राहतो’ म्हणतात.

बंटी, सी-101: आलं पुणं! पोहे खाऊन घ्या, मग बोला.

राजूभाऊ, डी-103: भांडण नंतर. आधी चोक आत आहे की बाहेर ते बघा. बादलीभर पाण्यात गेरू कालवा, कंपाउंडच्या आतल्या शेवटच्या चेंबरमध्ये ओता, वरून दोन बादल्या साधं पाणी. बाहेरच्या चेंबरमध्ये लाल रंग उतरला तर आपली लाइन मोकळी, चोक रस्त्याच्या लाइनीत. रंग आतच तुंबला तर खर्च सोसायटीचा, कुणाला फोन करू नका. आपला पाइप सहा इंची, त्याला 100 फुटांत साधारण एक फूट उतार हवा. जमीन खचून मध्ये पोट पडलं की गाळ तिथेच बसतो. मग बांबू घालून तात्पुरतं मोकळं होतं, चार दिवसांनी परत तेच.

अप्पा, ए-204: पत्र?

मीनाताई, बी-302: 181 वर, सीएम हेल्पलाइनला पण टाकू का?

वकीलकाका, ए-401: टाका, पण विभाग बरोबर निवडा. नाहीतर ‘आमच्याशी संबंधित नाही’ म्हणून शिकायत इकडून तिकडे फिरते. आणि फोन आला की काम न बघता ‘संतुष्ट’ म्हणू नका, शिकायत तिथेच बंद होते.

मीनाताई, बी-302: आणि ते नवं मेट्रोपॉलिटन प्राधिकरण? आणखी एक खिडकी?

वकीलकाका, ए-401: कायदा 2025 मध्ये विधानसभेत मंजूर झालाय. इंदूर, उज्जैन, देवास, धार असा पट्टा. त्याचं काम मोठ्या नियोजनाचं, चेंबरचं नाही. खरी गोची वेगळीच. 74 वी घटनादुरुस्ती 1 जून 1993 ला लागू झाली, बाराव्या अनुसूचीतल्या 18 विषयांत पहिलाच नगर नियोजनाचा. पण राज्याने सोपवल्याशिवाय तो निगमला मिळत नाही, आणि शहराची विकास योजना अजून राज्याचं नगर नियोजन खातं, टीएनसीपी, करतं. महानगर नियोजन समितीत किमान दोन तृतीयांश सदस्य निवडून आलेले हवेत, हे कलम 243 झेडई. निवडून दिलेल्या पार्षदाला आपण जाब विचारतो. आयडीएच्या बोर्डाला मत कधी दिलंय कुणी?

सुनंदावहिनी, बी-104: काका, भाषण छान. पण चेंबरवर गाडी लावणाऱ्यांना जाब कोण विचारणार? निगमचं मशीन आलं तरी झाकण उघडणार कसं?

बंटी, सी-101: वहिनी, नाव घ्या ना सरळ.

सुनंदावहिनी, बी-104: नाव कशाला, नंबर प्लेट दिसतेय सगळ्यांना.

सेक्रेटरी: कृपया वैयक्तिक नको. गेरू कुणाकडे आहे का?

मीनाताई, बी-302: तुळशी वृंदावनाचा उरलाय, पाव किलो असेल.

राजूभाऊ, डी-103: पुष्कळ झाला. चारला खाली या, दोन माणसं दोन चेंबरवर हवीत.

अप्पा, ए-204: येताना ऑफिसच्या कपाटाची किल्ली आणा. पत्र त्यातच असणार.

बंटी, सी-101: गाडी काढतो. माझीच आहे.