एफएमसीएसएचा (अमेरिकेत ट्रक-सुरक्षेचे नियम करणारी केंद्रीय संस्था) प्रमुख बदलला की लॉगचे (ड्रायव्हरच्या तासांच्या नोंदीचे) नियम बदलतात का? (डॉकवर अडकलेल्या ड्रायव्हरचा प्रश्न)

नवखा_लॉगतपास:
ओहायोत १४ ट्रकच्या कंपनीत सेफ्टीचं काम बघतो, तिसराच महिना. गुरुवारी आमच्या एका ड्रायव्हरने पहाटे ५.३० ला ड्युटी चालू केली, ८ ला माल उतरवायच्या जागी पोचला. अपॉइंटमेंट ९ ची होती, ९ ला गाडी डॉकला लागलीसुद्धा, पण सुटली २.४० ला! पुढचं लोडिंग गाठायला तो रात्री ९.१० पर्यंत चालवत राहिला. ड्युटी सुरू झाल्यापासून १४ तासांच्या आतच गाडी चालवता येते, ते संपतात ७.३० ला, त्यामुळे लॉगवर लाल रेघ, म्हणजे नियमभंगाची खूण. मालक म्हणतो, "डॉकवरचा सगळा वेळ स्लीपर (केबिनमधल्या बंकवरची विश्रांती) करून टाक. वर नवीन माणूस आलाय, आता एवढं कोणी बघत नाही." खरंच वरचा माणूस बदलल्याने काही फरक पडतो का? आणि मी हे बदलू शकतो का?

हायवे_८०:
वर कोण आहे ते सोडा. स्केलवर (वजनकाट्यावर) तुमची गाडी अडवतो तो राज्याचा ट्रूपर, म्हणजे हायवे पोलीस, वॉशिंग्टनचा साहेब नव्हे. मालकाला म्हणावं, दंडाची पावती तूच भर.

जुना_स्लीपर:
नऊ वर्षं ट्रक चालवला, आता एका कंपनीत दिवसभर दुसऱ्यांचे लॉग वाचतो. दोन्ही प्रश्न वेगळे आहेत, पण तुमच्या गुरुवारी ते एकत्र आलेत, म्हणून जरा लांबण लावतो.

माणूस कुठून आला यावरून तो काय करेल हे ओळखायला जाल तर फसाल. ॲन फेरो २००९ साली एफएमसीएसएच्या प्रमुख म्हणून आल्या त्या मेरीलँडच्या ट्रकमालकांच्या संघटनेचं अध्यक्षपद सांभाळून. सुरक्षावाल्या संस्थांनी नाकं मुरडली, की ही तर धंद्यातलीच बाई. झालं उलटंच. ३४ तासांच्या रीस्टार्टमध्ये (आठवड्याच्या तासांचा हिशोब पुन्हा शून्यावर आणणारी सलग सुट्टी) रात्री १ ते ५ अशा दोन रात्री आल्याच पाहिजेत, हा नियम त्यांच्याच काळात जुलै २०१३ पासून लागू झाला, आणि २०१४ मध्ये स्वतः ट्रक चालवणाऱ्या मालकांच्या संघटनेने त्यांचा राजीनामा मागितला. त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकी संसदेने, म्हणजे काँग्रेसने, ती अट थांबवली. मी तेव्हा रस्त्यावर होतो, मीही शिव्या घातल्यात. सध्याचे प्रमुख डेरेक बार्स फ्लोरिडा हायवे पेट्रोलमधून आलेले. त्यावरून तुमचा मालक "कोणी बघत नाही" कसं काढतो, देव जाणे.

शिवाय ती खुर्ची बरेचदा रिकामीच. रे मार्टिनेझ ऑक्टोबर २०१९ मध्ये गेले आणि सेनेटने मंजूर केलेला पुढचा प्रमुख, रॉबिन हचिसन, आला सप्टेंबर २०२२ मध्ये. मधली जवळजवळ तीन वर्षं हंगामी कारभार. आणि गंमत बघा, तुमच्या ड्रायव्हरला वाचवू शकेल असा बदल नेमका त्याच काळातला आहे. मसुदा मार्टिनेझ असताना निघाला, अंतिम नियम २०२० मध्ये जिम मलन हंगामी प्रमुख असताना आला, २९ सप्टेंबरपासून लागू. त्याआधी स्प्लिट (१० तासांची विश्रांती दोन तुकड्यांत घेणं) ८-२ चा होता आणि छोटी विश्रांती १४ तासांतच मोजली जायची. डॉकवर झोपलात तरी घड्याळ चालूच. आता एक तुकडा स्लीपरमध्ये किमान ७ तासांचा, दुसरा किमान २ तासांचा, दोन्ही मिळून १० भरले की दोन्ही १४ मधून वगळतात.

घोडं पेंड खातं ते इथे: डॉकवर तो नक्की काय करत होता? माल मोजत, फोर्कलिफ्टवाल्याशी हुज्जत घालत उभा असेल तर ती ड्युटी. मोकळा असेल आणि बंकवर पडला असेल तर स्लीपर. हे तुम्ही नाही, मालकही नाही, तोच सांगणार. तुम्ही दुरुस्ती सुचवायची, टीप लिहायची, त्याने मान्य करून सही करायची. मूळ नोंद आत तशीच राहते आणि तपासणीत दिसते. आणि गाडी धावल्याचा वेळ तर कोणाच्या बापाला कमी करता येत नाही.

मालकाने खोटी सही करायला दबाव आणला तर २०१६ पासून तो वेगळा गुन्हा धरतात. ड्रायव्हर ९० दिवसांत तक्रार करू शकतो. हे त्याला हळूच सांगून ठेवा. मालकाला नाही सांगितलंत तरी चालेल.

नवखा_लॉगतपास:
आत्ताच फोनवर बोललो. पहिला तास तो पॅलेट मोजत होता, सही झाली १० ला. मग "हिरवा दिवा लागला की निघ" म्हणाले, आणि हा २.४० पर्यंत बंकवर झोपलेला. लॉगवर मात्र सगळंच ऑन-ड्युटी, बटण दाबायचंच राहिलं. रात्री ९.१० पासून सकाळी ५.३० पर्यंत स्लीपरमध्येच.

जुना_स्लीपर:
मग १० ते २.४० एवढंच बदला, ९ पासून नको. ४ तास ४० मिनिटं आणि ८ तास २० मिनिटं, जोडी जमली. त्याचे १४ तास ७.३० ऐवजी रात्री १२.१० पर्यंत जातात, लाल रेघ गेली.

पण आता शुक्रवार बघा. स्प्लिट घेतला म्हणजे सकाळी गाडी चालवायचे कोरे ११ तास मिळत नाहीत, हिशोब पहिल्या विश्रांतीच्या शेवटापासून, म्हणजे २.४० पासून. त्यानंतर गुरुवारी गाडी किती चालली?

नवखा_लॉगतपास:
२.५५ ते ९.१०, सलग. सव्वा सहा तास.

जुना_स्लीपर:
म्हणजे शुक्रवारी, पुढची विश्रांती घेईपर्यंत, पावणेपाच तास. त्याने किती चालवली?

नवखा_लॉगतपास:
४ तास २० मिनिटं. मग माल उतरवून घरी, सोमवारपर्यंत सुट्टी. हुश्श. दुरुस्ती पाठवली, त्याने सही केली. मालकाला अजून सांगितलं नाहीये.