पाच नव्या पुस्तकांना मिळून एकच पान: हे परीक्षण म्हणायचं का?

देवगडकर:
आमच्या वाचनालयात येणाऱ्या एका मासिकाने कोकणावरची पाच नवी पुस्तकं एकाच पानात उरकली. मालवणी कथा, कविता, दशावतार, कातळशिल्पं आणि मासळीच्या पाककृती. सगळ्यांना विशेषणं तीच: ‘लाल मातीचा गंध’, ‘संग्राह्य’. माझा याला ठाम विरोध आहे. कातळशिल्पांचंच घ्या. कशेळी, बारसू, उक्षी ही ठिकाणं २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत, त्यामुळे लोक आता ही पुस्तकं विश्वासाने विकत घेणार. पण जांभा दगडात कोरलेल्या रेषेचं वय थेट काढणं फार कठीण. लेखक काळ सांगतो तो कशाच्या आधारावर, हे परीक्षकाने तपासायलाच हवं. या पानावर त्याबद्दल अवाक्षर नाही. फोटो सुंदर आहेत, एवढंच. एका वेळी एकच पुस्तक घ्या आणि नीट लिहा.

ग्रंथपाल, सावंतवाडी तालुका:
देवगडकर, मला हे पटत नाही. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं, मोठं. तिथे निवडीला जाणती माणसं मिळतात. आमच्या ड वर्गाच्या, म्हणजे सगळ्यांत लहान श्रेणीच्या ग्रंथालयात खरेदीची यादी मी एकटाच करतो. एका कादंबरीवरची सहा पानी समीक्षा मी आवडीने वाचतो, पण त्या महिन्यात बाकी काय आलं ते मला कोण सांगणार? कवितासंग्रह आणि पाककृती यांना तर स्वतंत्र लेख कधी मिळतच नाही. या पानामुळे निदान त्यांची नावं कळली. आमच्याकडे दशावताराचं पुस्तक मागणारा वाचक कवितेकडे वळतो, हे मी रोज बघतो.

वेंगुर्ल्याची वाचक:
नावं कळली, पण घेण्यासारखं कुठलं ते कळलं का? पाककृतीचं पुस्तक रांधून बघितल्याशिवाय त्यावर लिहूच नये. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळां ठेचून घालूची, वाटूची नाय, हे आमच्याकडे लहान मुलीलाही ठाऊक असतं. पुस्तकात काय लिहिलंय ते परीक्षकाने बघितलंच नसेल, तर मुंबईत राहणारी सून त्या पुस्तकावर कसा भरवसा ठेवणार? मालवणी कथांचंही तेच. भाषा ‘गोड’ आहे म्हणून सोडून दिलंय. पात्रं कुडाळची आणि बोलतात मालवणकिनाऱ्यासारखी, असं झालंय का, हे त्या बाजूच्या माणसालाच कळेल.

देवगडकर:
ताईंनी नेमकं सांगितलं. पान एकत्र ठेवायचंच असेल तर लिहिणारे पाच जण हवेत. दशावतारावर रात्रभर खेळ बघणाऱ्याने लिहावं, कातळशिल्पांवर सडे, म्हणजे कातळाची पठारं, फिरलेल्याने.

ग्रंथपाल, सावंतवाडी तालुका:
पाच जणांना माझी हरकत नाही. लांबी मात्र वाढवू नका, आणि एकेक पुस्तक घेऊन वर्षभर रेंगाळू नका. तोवर खरेदी होऊन जाते. किंमत, पानं, मागे सूची आहे का, मालवणी शब्दांचे अर्थ दिलेत का, हे आधी लिहा. आणि पुस्तक फसलं असेल तर ‘घेऊ नका’ असं स्पष्ट लिहा. अनुदानाचे पैसे आहेत, वाया गेले तर त्या वर्षी दुसरं पुस्तक येत नाही.