धोप, फिरंग, खांडा: नाव पात्याचं की मुठीचं?

गडवाट:
प्रतिकृतींच्या जाहिरातींत सरळ पात्याच्या कुठल्याही तलवारीला सर्रास 'मराठा धोप' म्हटलेलं दिसतं. तशीच दिसणारी दुसरी 'फिरंग' म्हणून विकली जाते, तिसरी 'खांडा' म्हणून. तिन्हींची मूठ बहुतेक एकाच साच्यातली. या शब्दांमध्ये नेमका फरक काय? 'पाणी दिलेलं पातं' म्हणजे काय समजायचं? आणि घेणाऱ्याने 'प्रतिकृती' या शब्दावर भरवसा ठेवून नेमकं काय तपासावं?

कोशवाचक:
पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात: ही तिन्ही नावं मुख्यतः पात्याची आहेत, पण तिघांची कसोटी वेगवेगळी आहे.

फिरंग हे उगमावरून पडलेलं नाव. फिरंगी, म्हणजे युरोपातलं पातं. पोर्तुगीज आणि इतर व्यापाऱ्यांमार्फत ही पाती किनाऱ्यावर उतरायची आणि मूठ इथल्या कारागिराच्या हातून चढायची. नागपूरकर पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून महाराष्ट्र शासनाने मिळवली. तिचं पातं सरळ, एकधारी, युरोपी बनावटीचं आहे. पात्याच्या पाठीवर सोन्यात देवनागरी लेख आहे, त्यात 'सेनासाहेब सुभा' या त्यांच्या पदापुढे 'फिरंग' हा शब्द कोरलेला आहे. शस्त्राचा प्रकार शस्त्रावरच लिहिलेला सापडणं ही शब्दांच्या अभ्यासकाला फार मोठी देणगी आहे.

खांडा हे आकारावरून पडलेलं नाव. संस्कृत 'खड्ग' त्याच्या मुळाशी. पातं सरळ, रुंद, टोकाकडे आणखी रुंदावणारं, टोक बहुधा बोथट. मुठीजवळच्या अर्ध्या भागात धारेच्या आणि पाठीच्या कडेने लोखंडी पट्ट्या जडवून पात्याला बळकटी दिलेली असते. ही पट्टी नसेल आणि टोक निमुळतं असेल, तर तो खांडा नाही.

धोप हे लांबी आणि सरळपणावरून. लांब, सरळ किंवा अगदी किंचित वाक असलेलं, निमुळत्या टोकाचं पातं. ते इथलं असो की परदेशी. म्हणून एखाद्या तलवारीला धोप आणि फिरंग ही दोन्ही नावं एकाच वेळी लागू पडू शकतात. त्यात विरोध नाही.

'आलेमान' हाही याच कुळातला शब्द: जर्मनीचं पातं. पोर्तुगीजांत जर्मनीला 'आलेमान्या' म्हणतात. जाहिरातींत हा शब्द 'तेगा' (रुंद, वाकडी तलवार) या अर्थाने दिसतो तो मात्र निव्वळ सैलपणा आहे.

मोगरा:
मुठीलाही तिची स्वतंत्र नावं आहेत, हे विसरू नये. वर सांगितलेल्या रघुजींच्या तलवारीची मूठ 'मुल्हेरी घाटाची', म्हणजे मुल्हेरी धाटणीची, म्हणतात. मुल्हेर हा बागलाणातला किल्ला. तेव्हा चांगल्या वर्णनात दोन नावं हवीत: फिरंग, मुल्हेरी मूठ. नुसतं 'मराठा धोप' लिहिणाऱ्याला बहुतेक वेळा दोन्हींतलं एकही माहीत नसतं.

मुठीच्या भागांच्या शब्दांत मात्र एकवाक्यता नाही. 'परज' कुणी अख्ख्या मुठीला म्हणतं, कुणी फक्त हात राखणाऱ्या आडव्या भागाला. 'परजणे' हे क्रियापद त्याचंच भावंड. 'खजिना' मात्र जवळपास सगळीकडे सारख्याच अर्थाने चालतो: पात्याची शेपटी मुठीत जिथे बसते तो पोकळ भाग. खरेदी करताना याच शब्दाभोवती सगळ्यात जास्त प्रश्न विचारायला हवेत.

शिकलगार:
खजिन्यापासूनच सुरुवात करू, कारण प्रतिकृती तिथेच फसते.

साध्या वाकड्या तलवारीची शेपटी आखूड असते. खजिन्यात लाख किंवा राळ आणि विटेची पूड यांचं गरम मिश्रण ओतून ती बसवत. कील मारत नसत. म्हणून साध्या तलवारीच्या मुठीतून आरपार गेलेली कील दिसली, तर ती नंतरची डागडुजी किंवा नवं काम समजावं. फिरंगेचं आणि खांड्याचं उलट आहे. त्यांत मुठीतून पात्यावर उतरलेल्या लोखंडी जिभा पात्याला कीलांनीच जोडलेल्या असतात. तिथे कील हा दोष नाही, ती नसणं हाच दोष. एकाच नियमाने दोन्ही तपासणारे लोक चांगली फिरंग नाकारतात आणि वाईट तलवार घेतात.

आजच्या स्वस्त प्रतिकृतीत तीन प्रकार आढळतात. पहिला: पात्याच्या बुडाला गजाचा तुकडा वेल्ड करून त्यावर नट आवळलेला. वेल्डच्या उष्णतेने तिथलं पोलाद ठिसूळ होतं किंवा मऊ पडतं, आणि वार करताना सगळा ताण नेमका त्याच रेषेवर येतो. अशी तलवार भिंतीवर ठीक, हातात नको. दुसरा: रुंद शेपटी, पण खजिन्यात नुसता इपॉक्सी गोंद भरलेला. हा टिकतो, पण पुढे पातं काढून दुरुस्त करायचं तर मूठ तापवावी लागते आणि पात्याच्या बुडाचा कडकपणा उतरण्याचा धोका असतो. तिसरा: जुन्या रीतीने लाख. ही दुरुस्तीला सगळ्यात सोपी, पण ७० अंश सेल्सिअसच्या आसपास लाख मऊ होते. उन्हात उभ्या गाडीत ठेवलेली तलवार म्हणूनच मुठीत हलू लागते.

ओळखायचं कसं? मूठ सैल धरून पात्याच्या मध्यावर लाकडी ठोकळ्याने हलकेच टिचकी द्या. आवाज स्वच्छ आणि लांबणारा हवा. मुठीत बारीक खुळखुळ किंवा घरघर ऐकू आली तर खजिन्यात पोकळी आहे. मग पात्याच्या दोन बाजूंना अंगठा आणि बोट टेकवून, मुठीच्या तोंडाशी, हळू डावी-उजवी हालचाल करा. केसभर हालचालही तिथे बोटाला कळते.

नेमबाज:
वजनाबद्दल. जाहिरातींत '२ किलो ४०० ग्रॅम, भारदस्त' असं अभिमानाने लिहितात. वापरातल्या जुन्या तलवारींचं वजन साधारण ८०० ग्रॅम ते १ किलो २०० ग्रॅम, जाळीदार मुठीच्या फिरंगेचं थोडं जास्त. दोन किलोंच्या वरची एकहाती तलवार ही पातं नीट न उतरवल्याची खूण आहे.

'उतार' हा शब्द इथे उपयोगी आहे. पात्याची जाडी मुठीकडून टोकाकडे उतरत जाते. कॅलिपर घेऊन पाठीची जाडी पाच ठिकाणी मोजा: मुठीशी, पाव, अर्ध्या, पाऊण लांबीवर आणि टोकाआधी चार बोटं. मुठीशी ५ ते ७ मिलिमीटर आणि टोकाजवळ २ ते ३ असा हळूहळू उतार दिसला तर कारागिराने खरं काम केलं आहे. पाचही ठिकाणी ५ मिलिमीटर म्हणजे बाजारातली पट्टी कापून कड घासलेली आहे. ती हातात टोकाकडे ओढते, मनगट दुखवते आणि थांबवायची तिथे थांबत नाही.

तोल बघायला तलवार आडवी बोटावर ठेवा. मुठीच्या तोंडापासून साधारण १० ते १८ सेंटिमीटरवर ती स्थिर राहावी. तोल त्यापलीकडे गेला की तिचा कुऱ्हाडीसारखा हिसका बसतो. जेजुरीच्या ४२ किलोंच्या खंड्याचा दाखला इथे काहीजण देतात. तो देवाचा खंडा, मर्दानी दसऱ्याला ताकद आणि भक्ती दाखवण्यासाठी पेलायचा. त्यावरून लढाईतल्या खांड्याचं वजन काढू नये.

गडवाट:
मग नळ? पात्यावर दोन-तीन नळ असले की ती फिरंग, असं एकाने ठामपणे सांगितलं.

कोशवाचक:
नळ म्हणजे पात्याच्या लांबीत काढलेली पन्हळ. पातं हलकं व्हावं आणि ताठरपणा राहावा हा तिचा हेतू. रक्त वाहून जायला वगैरे अजिबात नव्हे. युरोपी पात्यांवर मुठीजवळ एक ते तीन नळ पुष्कळदा दिसतात, पण इथल्या लोहारांनीही नळ काढले आहेत आणि युरोपी ठसेही उतरवले आहेत. फेरारा हा इटलीतला तलवारकार, सोलिंगेन हे जर्मनीतलं आणि तोलेदो हे स्पेनमधलं तलवारींचं गाव; ही नावं इतकी विकली जात की त्यांची नक्कल युरोपातच होत असे. तेव्हा ठसा किंवा नळ एकटा पुरावा होत नाही. प्रतिकृतीत मात्र नळाकडे जरूर पाहावं: तो दोन्ही बाजूंना समोरासमोर आणि सारख्या खोलीचा हवा, शेवट विरत गेलेला हवा. चौकोनी, अचानक थांबलेला नळ हा यंत्राच्या चाकाचा असतो.

शिकलगार:
आता 'पाणी'. हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींना वापरतात आणि विक्रेते त्याचा फायदा घेतात. 'पाणी देणं' म्हणजे तापवलेलं पातं तेलात किंवा पाण्यात विझवून कडक करणं. 'सोन्याचं पाणी' म्हणजे वरचा मुलामा. 'पाणीदार' हे तर पुष्कळदा नुसत्या चकाकीला म्हणतात. म्हणून सरळ विचारावं: पोलाद कोणतं, विझवलं कशात, आणि विझवल्यावर परत हलकं तापवून ठिसूळपणा काढला का? हे तिसरं न केलेलं पातं काचेसारखं तुटतं.

इथे प्रतिकृतींसाठी ईएन ४५ किंवा ईएन ९ ही नावं ऐकू येतील. ईएन ४५ हे स्प्रिंगचं पोलाद. ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे याच जातीचे. कठीणता रॉकवेल सी मापात ४८ ते ५४ दरम्यान असली तर लवतं आणि परत सरळ होतं. स्टेनलेस ४२० चं लांब पातं शोभेलाच ठेवावं. सुरीइतक्या लांबीला ते चालतं, हातभर लांबीच्या पात्यात वाराच्या धक्क्याने तुटून टोक उडू शकतं.

'चुंबक चिकटलं म्हणजे स्टेनलेस नाही' हा समज चुकीचा आहे. ४२० ला चुंबक चिकटतं. त्यापेक्षा पात्याच्या बुडाशी, नजरेआड, तेल पुसून व्हिनेगरचा थेंब पंधरा-वीस मिनिटं ठेवा. साधं पोलाद करडं पडेल, स्टेनलेस तसंच राहील. लगेच पुसून सोड्याच्या पाण्याने धुवा, कोरडं करा आणि तेलाचा हात फिरवा. विक्रेत्याची परवानगी घेऊनच, हे वेगळं सांगायला नको.

मोगरा:
'जौहर' या शब्दाचंही तसंच झालं आहे. खरा जौहर म्हणजे दक्षिणेतल्या मुशीतल्या पोलादात कर्ब जास्त असल्याने घट्ट होताना आतून उमटणारी लहर. आज 'दमास्कस' म्हणून मिळतं ते दोन जातींच्या पोलादांचे थर वेल्ड करून आम्लात बुडवलेलं असतं. तेही उत्तम काम असू शकतं, पण तो जौहर नव्हे. आणि सगळ्यात स्वस्त मालात थरही नसतात, नुसती आम्लाने चढवलेली नक्षी असते. भिंग लावून पाठ पाहा. थर असतील तर रेघा धारेवरून पाठीवर वळून जातात. नक्षी असेल तर पाठीच्या कडेशी तुटते.

कोफ्तगारीलाही भिंगच हवं. पोलादावर आडव्या-उभ्या बारीक चरांची जाळी काढून त्यावर सोन्या-चांदीची तार ठोकतात. झिजलेल्या जागी ती जाळी उघडी दिसली पाहिजे. सोनेरी रंगाखाली गुळगुळीत पृष्ठभाग असेल तर तो मुलामा आहे.

नेमबाज:
पट्ट्याबद्दल थोडं, कारण २०२४ मध्ये दांडपट्टा राज्यशस्त्र झाल्यापासून मागणी वाढली आहे. कोपरापर्यंत हात झाकणाऱ्या लोखंडी भागाला 'खोबळा' म्हणतात. मूठ आतली आडवी दांडी. प्रतिकृतीत हीच दांडी दोन टोकांना वेल्ड केलेली असते आणि फिरवताना पहिली तीच सुटते. दांडी खोबळ्याच्या भिंतीतून बाहेर काढून रिव्हेट केलेली घ्या. आत गादी आणि बोटांना दोन्ही बाजूंनी मोकळीक हवी. पातं पातळ, लवचीक, दुधारी. केरळातली उरुमी पट्ट्यासारखी नव्हे: तिला खोबळा नसतो आणि तिची गुंडाळी होते.

कोशवाचक:
शेवटचा प्रश्न: 'प्रतिकृती'. माझ्या मते हा शब्द फक्त एका ठरावीक मूळ वस्तूवरून, मापं घेऊन केलेल्या कामालाच लावावा, आणि मूळ वस्तू कुठल्या संग्रहालयातली ते लिहावं. मोघम जुन्या धाटणीच्या कामाला 'जुन्या घाटाची नवी तलवार' म्हणणं प्रामाणिक. जुनं पातं आणि नवी मूठ असेल तर 'जोडकाम'. जुनी म्हणून फसवून विकलेली ती 'बनावट'. 'नक्कल' मध्ये नीट मापं न घेतल्याचा वास आहे, म्हणून तो मी टाळतो.

हा भेद नुसता भाषेचा नाही. शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते, ती परदेशी नेता येत नाही. म्हणजे 'जोडकाम' ला 'प्रतिकृती' म्हणून विकत घेऊन पुण्याहून लंडनला पाठवणारा अडचणीत येतो. नव्या तलवारीलाही १९५९ चा शस्त्र कायदा आहेच. सार्वजनिक ठिकाणी नेण्याआधी आपल्या जिल्ह्यातले चालू बंदीआदेश पोलीस ठाण्यात विचारून घ्यावेत.

शिकलगार:
म्यानाचे शब्द राहिले. तोंडावरची धातूची कड मोहनाळ, खालचं टोक तहनाळ. प्रतिकृतीत मोहनाळ घट्ट बसवून तलवार आवाजासकट 'अडकते' असं दाखवतात. तसं नको. पातं पाठीवर टेकून सरकावं, धार लाकडाला लागू नये, नाहीतर म्यानाची शिवण कापली जाऊन बोटाशी येते. चामड्याच्या म्यानात तलवार कायम ठेवू नका. कमावलेल्या चामड्यातलं आम्ल आणि ओल पात्याला गंज आणतात, कोकणात पावसाळ्यात एका आठवड्यात ठिपके दिसतात. पातं पुसून, बिनवासाच्या खनिज तेलाचा पातळ थर देऊन सुती कापडात वेगळं ठेवा आणि म्यान शेजारी ठेवा.