मदत हवी आहे: कापलेल्या पायाच्या उरलेल्या टोकाची (स्टंपची) कातडी टणक करणारी पेशींची इंजेक्शनं कुठं मिळतात?

निपाणीकर:
नकली पाय घालून वडिलांच्या स्टंपची कातडी परत परत सोलवटते. मलम, पट्टी सगळं करून झालं. तळपायाच्या पेशी टोचून तिथली कातडी तळव्यासारखी जाड करतात म्हणे. बेळगाव, कोल्हापूर, हुबळी, कुठंही चालेल. खर्च किती? ऊसतोड तोंडावर आलीय, माहीत असेल त्यांनीच सांगा.

सॉकेटवाला:
गुडघ्याखाली की वर? सोलवटतंय नेमकं कुठं? लायनर (स्टंपवर चढवायचं मऊ आवरण) आहे की नुसते मोजे? शुगर आहे का?

निपाणीकर:
खाली. इंजेक्शनाला एवढं सगळं कशाला लागतंय?

गणेशपूर:
ते दवाखान्यात मिळत नाही अजून. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्वचातज्ज्ञ लुइस गार्झांच्या गटाचं काम आहे, २०२४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आलं. स्वतःच्याच तळव्याचा छोटा तुकडा काढतात, त्यातले फायब्रोब्लास्ट (कातडीच्या आतल्या थरातल्या पेशी) लॅबमध्ये वाढवतात आणि दुसऱ्या जागी टोचतात. तिथं केराटिन ९ हे तळव्याच्या कातडीतलं प्रथिन वाढलं, कातडी टणक झाली, पाच महिन्यांनीही फरक होता. पण हे धडधाकट माणसांवर. इथं कुणी रोख घेऊन करून देतो म्हणाला तर सीटीआरआयचा (औषध-उपचारांच्या चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक मागा. चाचणीचे पैसे पेशंटकडून घेत नसतात.

खानापूर_रान:
एवढं कशाला ओ? तुरटीच्या पाण्यानं पुसा, वर स्पिरिट. चामड्यागत होते कातडी.

सॉकेटवाला:
स्पिरिट अजिबात नको. कातडी सुकून भेगा पडतात आणि जंतू आत जातात. रात्री साध्या साबणानं धुवा, नीट वाळवा. सकाळी धुऊन लगेच पाय चढवला तर ओलसर कातडी मोज्याला चिकटून सोलते. केस काढू नका, मुळाशी फोड येतात.
निपाणीकर, जागा सांगा की.

निपाणीकर:
नडगीच्या टोकाला. मोजे, एक जाड. शुगर आहे, गोळ्या चालू आहेत.

सॉकेटवाला:
हे आधी सांगायचं ना! उघडी जखम असेल तर भरेपर्यंत पाय घालायचाच नाही, आणि शुगर असल्यानं डॉक्टरला दाखवाच. भरली की सॉकेटच्या (नकली पायात स्टंप बसतो ती वाटी) तळाशी कणकेची सुपारीएवढी गोळी टाका, पाय घालून उभं करा. पार चपटी झाली तर स्टंप बारीक होऊन खाली बसतोय. तीन प्लायचा (प्लाय म्हणजे मोज्याच्या जाडीचं माप) मोजा वाढवून परत बघा. गोळी जराशी दबली पाहिजे. अजिबातच दबली नाही तर टोक लोंबकळतं, तिथं सूज येते, कातडी चामखिळीसारखी वाढते. मोजे पंधरा प्लायच्या आसपास गेले तर सॉकेट नवीनच. पाय काढल्यावरची लाली वीसेक मिनिटांत गेली नाही तर त्या जागी दाब जास्त पडतोय. जाड कातडीही असल्या सॉकेटमध्ये सोलणारच.

गणेशपूर:
सॉकेट चांगलं बसलं तरी घामानं सोलणाऱ्यांचं काय? संशोधन त्यांच्यासाठीच आहे.

सॉकेटवाला:
मान्य. पण आधी गोळी.

चिकोडी_बस:
बसच्या पाससाठी यूडीआयडी कार्ड (अपंगांचं सरकारी ओळखपत्र) लागतंय. फॉर्म कन्नडमध्येच देतात, मराठीत का नाही?

खानापूर_रान:
तो विषय काढू नका, धागा बंद पडतो.

निपाणीकर:
गोळी भाकरीगत झाली. जखम नाही, नुसतं लाल झालंय. तीन प्लायचे मोजे निपाणीत कुठं मिळतील?