तोच आरपीएम, जाताना १७.७ सेकंद आणि येताना साडेवीस! स्पीड कंट्रोल बसवून सुटेल का हे?

मार्वे_मेकॅनिक
नमस्कार मंडळी. मी मार्वे-मनोरी साइडला बोटींची इंजिनं बघतो, आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेर टांगलेली) जास्त करून. आमच्या एका शेठची मुलगी बाहेरून वॉटर स्की शिकून आलीय आणि तिला नुसतं मागे उभं राहून फिरायचं नाहीये, स्लालम करायचंय, म्हणजे सहा बॉयांना (पाण्यावर तरंगत्या खुणांना) वळसे घालत जायचं ते. नारळी पौर्णिमेनंतर सीझन उघडला तसा आम्ही खाडीत बॉया टाकून कोर्स लावला, नियमातल्या मापाने, गेट (कोर्सच्या सुरुवातीची आणि शेवटची बॉयांची जोडी) ते गेट २५९ मीटर. तिला ताशी ४९ किलोमीटरचा स्पीड हवा. बोट १६ फुटी, ११५ हॉर्सपॉवरचं इंजिन, केबलचा थ्रॉटल (इंजिनाचा जोर कमी-जास्त करतो तो). ड्रायव्हर हाताने आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) धरून ठेवतो, हात चांगला आहे त्याचा, काटा हलत नाही. पण स्टॉपवॉच लावलं तर खाडीच्या तोंडाकडे जाताना १७.७ आणि परत येताना २०.५ च्या आसपास. ४९ ला १९.०३ यायला पाहिजे. शेठ म्हणतात ते परदेशी जीपीएसवालं स्पीड कंट्रोल मागवूया, सगळं सरळ होईल. मला माहितीय त्यात ओहोटीच्या पाण्याचा हात आहे, पण किती, आणि ते मशीन लावून नक्की काय सुधारेल ते कोणी सांगेल का? किंमत बघून माझीच छाती दडपली.

दुबई_रिटर्न_ड्रायव्हर
दादा मी आखातात एका क्लबमध्ये काही वर्षं टो बोट चालवलीय, आता ठाण्यात. पहिलं म्हणजे तुमच्या ड्रायव्हरला शाबासकी द्या, आरपीएम धरून ठेवणं सोपं नसतं. पण आरपीएम म्हणजे स्पीड नाही हे आधी शेठच्या डोक्यात घाला. स्कीअर बॉयला वळसा घालून आतल्या बाजूला खेचत निघाला की बोट मागे ओढली जाते, प्रॉपचा (पंख्याचा) स्लिप, म्हणजे पाण्यात वाया जाणारा फेरा, वाढतो, आरपीएम तोच दिसतो आणि बोट मात्र हळू झालेली असते. मग तो दुसऱ्या बाजूच्या बॉयपाशी पोचला की दोर हलका होतो आणि बोट सुटते. बॉयमधलं अंतर ४१ मीटर, म्हणजे ४९ ला हे नाटक दर तीन सेकंदांनी होतं, आणि ५८ ला (पुरुषांचा वरचा स्पीड तोच, बायकांचा ५५) अडीच सेकंदांनी. पूर्वी हे सगळं ड्रायव्हर हाताने सांभाळायचे, खेच येणार हे आधीच ओळखून जरा थ्रॉटल द्यायचे, आणि चांगला ड्रायव्हर मिळाला तर स्कोअर वाढायचा, यावरून भांडणंही व्हायची. नव्वदच्या दशकात कॅनडातली परफेक्टपास आली, ती सुरुवातीला आरपीएमवरच चालायची, स्कीअरचं वजन वगैरे टाकावं लागायचं. मग जीपीएसवाली आली, परफेक्टपासचीच स्टारगेझर आणि नंतर झीरो ऑफ. आता मोठ्या स्पर्धेत हात लावून चालवणं संपलंच, ड्रायव्हरने फक्त बोट सरळ रेषेत ठेवायची. तेही काही सोपं नाही म्हणा.

१ किमीचा फरक किती ते पण सांगतो. ५५ ला कोर्स १६.९५ सेकंदांत होतो, ५६ ला १६.६५. तीन दशांश. ऐकायला काहीच वाटत नाही, पण स्कीअरला लगेच कळतं, आणि स्पर्धेत वेळ टॉलरन्सबाहेर (चालणाऱ्या फरकाबाहेर) गेली की तो पास, म्हणजे कोर्सची ती फेरी, वादात जातो.

लूप_ठाणे
कंट्रोल इंजिनिअर आहे, फॅक्टरीतल्या मोटरी बघतो, स्की आयुष्यात केलेलं नाही, पण हा प्रॉब्लेम भारी आहे म्हणून लिहितोय.

लोकांना वाटतं की मशीनचं काम स्पीड एकदम ४९.० वर खिळवून ठेवायचं. तसं नसतं आणि तसं नकोही असतं. इंजिनला उत्तर द्यायला वेळ लागतो. खेच आली, स्पीड पडला, कंट्रोलरने बघितलं, थ्रॉटल उघडला, पाण्यात जोर आला, तोपर्यंत स्कीअर वेकच्या (बोटीमागच्या लाटेच्या) पलीकडे गेलेला असतो, त्याला आता मऊ दोर हवा असतो आणि नेमकं तेव्हाच तुम्ही त्याला झटका देता. लूप (स्पीड बघून थ्रॉटल बदलायचं चक्र) जितका कडक तितका हा झटका वाईट. म्हणून झीरो ऑफमध्ये ए, बी, सी आणि १, २, ३ अशा सेटिंग्ज असतात, खेचेला इंजिन कधी आणि किती जोरात उत्तर देणार ते त्यातून ठरतं. अशा नऊ जोड्या होतात. कोर्सची वेळ नऊच्या नऊ जोड्यांत सारखी, पण हाताला लागणारी ओढ वेगळी, स्कीअर स्वतःची जोडी ठरवून ठेवतात आणि ड्रायव्हरला सांगतात. मला विचाराल तर या मशीनची खरी कमाई ही आहे. सहाही बॉयांवर, प्रत्येक पासला, कुठलाही ड्रायव्हर असला तरी खेचेला तसंच्या तसं उत्तर. माणूस हे दिवसभर करूच शकत नाही, चौथ्या-पाचव्या स्कीअरनंतर हात थकतो.

आणि दोर जसा आखूड होतो तसं हे जास्त महत्त्वाचं. वरचा स्पीड गाठला की पुढे स्पीड वाढवत नाहीत, दोर कापत जातात, १८.२५ मीटरपासून १६, १४.२५, १३, १२, ११.२५ असा. बॉय बोटीच्या मधल्या रेषेपासून ११.५ मीटरवर! म्हणजे ११.२५ चा दोर बॉयपर्यंत पोचतच नाही, उरलेलं माणूस आडवा होऊन हात लांबवून गाठतो. तिथे बोट एका बॉयला जरा जास्त पळाली तर खेळ खलास.

आता तुमचं गणित. १७.७ म्हणजे जमिनीवरून ५२.७, आणि २०.५ म्हणजे ४५.५. मधोमध ४९ च्या जवळच येतंय, म्हणजे ड्रायव्हर पाण्यातून ४९ च धरतोय आणि पाणी स्वतः ताशी साडेतीन-पावणेचार किलोमीटरने वाहतंय, दोन नॉट समजा. जीपीएस लावलंत तर दोन्हीकडे १९.०३ येईल, कारण बॉया तळाला बांधलेल्या आहेत आणि जीपीएस जमिनीचा स्पीड मोजतो. पण स्की पाण्यावर चालते ना! जाताना स्कीखाली पाणी ४५ च्या स्पीडने जाणार आणि येताना जवळजवळ ५३ ने. एकीकडे स्की बुडाल्यासारखी वाटणार, दुसरीकडे हातातून दोर सुटायला येणार. घड्याळ खूश, पोरगी नाही.

मढ_कोळीवाडा
अहो एवढं गणित कशाला. उधाणाच्या दिवसांत लावला असणार कोर्स. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास खाडीत पाणी असं ओढतं की आमची होडी पण नांगरावर नाचते. अष्टमीच्या आसपास भांगाची (कमी जोराची) भरती असते, तेव्हा जा. त्यातही भरती पुरी भरली की पाणी जरा वेळ थांबतं, तेवढ्यात उरकायचं, रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकतं ते. सुकतीला (पुऱ्या ओहोटीला) जाऊ नका, चिखल वर येतो, प्रॉप जाईल. आणि आमच्या जाळ्यांपासून लांब बॉया टाका हां, त्यावरून दरवर्षी कटकट होते.

मार्वे_मेकॅनिक
मढवाले काका बरोबर बोलले, पौर्णिमेनंतर तिसऱ्या दिवशीच लावला होता. जाळ्यांच्या बाहेर आहे कोर्स, काळजी नको. ठाणेवाले, ५३ ने खालून पाणी जाणार हे शेठला सांगितलं तर ते म्हणाले मग जीपीएस नको, पाण्यातला स्पीड मोजणारं लावा. तसं मिळतं का? आणि सध्या मोबाईलवर जीपीएस लावून बघितलं तर चालेल का? अजून एक, स्कीअर खेचला की आमच्या बोटीचा मागचा भाग त्या बाजूला सरकतो, ते पण कंट्रोलनेच जाईल का?

दुबई_रिटर्न_ड्रायव्हर
शेवटचं आधी. नाही जाणार. स्पर्धेच्या स्की बोटी इनबोर्ड (इंजिन बोटीच्या आत) असतात, दोर बांधायचा खांब बोटीच्या मध्यावर, रडरच्या (सुकाणूच्या) बराच पुढे, आणि तळाला फिन्स (उभ्या पट्ट्या). तुमचा दोर ट्रान्समला म्हणजे एकदम शेपटीला, त्यामुळे खेच आली की शेपूटच फिरणार. शिवाय त्या बोटी दीड टनाच्या घरातल्या, तुमची त्याच्या अर्धी पण नसेल, ८० किलोचा गडी तिला सहज हलवतो. मध्ये खांब बसवता येतो, पण हलच्या (बोटीच्या मूळ ढाच्याच्या) आत पक्का आधार देऊन, नुसता फ्लोअरला बोल्ट मारून नाही, लोड भयंकर येतो त्याच्यावर. पैसे खर्च करायचेत तर माझ्या मते आधी तिथे करा.

पाण्यातला स्पीड पितो ट्यूबने मोजता येतो, जुने स्पीडोमीटर तेच असतात, पाण्याचा दाब नळीत जातो त्यावर काटा. पण आपल्या खाडीत? गाळ, शेवाळ, प्लास्टिकची पिशवी. एका फेरीत नळी तुंबली की काटा शून्यावर. आणि पाण्यातला स्पीड धरलात तर वेळ परत १७.७ आणि २०.५ च येणार, तिथेच आलात ना फिरून. वाहत्या पाण्यात दोन्ही एकदम बरोबर येणं शक्यच नाही. सराव खाडीतच करायचा तर पाणी थांबलेलं बघून करा, काकांनी सांगितलंच.

लूप_ठाणे
मोबाईलचं: बऱ्याच फोनमध्ये जीपीएस सेकंदाला एकदाच नवीन आकडा देतं. ४९ ला एका सेकंदात बोट साडेतेरा मीटर जाते, म्हणजे दोन बॉयांमध्ये तुम्हाला तीन आकडे मिळणार, त्यातून खेच कुठे पडली ते काय कळणार. ड्रायव्हरला सरासरी दाखवायला ठीक आहे. त्यापेक्षा गेट आणि प्रत्येक बॉयपाशी स्प्लिट (टप्प्याची वेळ) घ्या. ४९ ला पहिला बॉय गेटपासून २७ मीटरवर, म्हणजे १.९८ सेकंद, मग दर ३.०१ ला एक. बोटीत दुसरा माणूस बसवून व्हिडिओ काढा आणि घरी फ्रेम मोजा, फुकटात होतं. पाणी थांबलेलं असताना दोन्ही दिशांचे आकडे घेतलेत आणि ते जुळले, तर तुमचा ड्रायव्हर या लेव्हलला पुरेसा आहे. नाही जुळले तर मशीनचं बघू.

मार्वे_मेकॅनिक
हे पटलं. अष्टमीला घेतो आकडे आणि टाकतो इथे. पण समजा पुढे मशीन घ्यायचंच ठरलं, केबलच्या थ्रॉटलवर बसतं का?

दुबई_रिटर्न_ड्रायव्हर
बसतं. केबलवर सर्वो मोटर लावतात, ती केबल ओढते-सोडते. नवीन इंजिनात थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक असतो तिथे सरळ वायरने काम होतं आणि उत्तरही झटपट मिळतं. पण सर्वो कोणाकडूनही बसवून घेऊ नका. लिव्हर मागे घेतला की मशीनचं काहीही चालू असो, थ्रॉटल बंद झालाच पाहिजे, हे बोट धक्क्याला बांधलेली असताना चारदा करून बघा. किल स्विचची (ओढली की इंजिन बंद) दोरी ड्रायव्हरच्या अंगाला. आणि मागे बघायला वेगळा माणूस, ड्रायव्हरने मान वळवायची नाही, आरसा लावला असला तरी. आमच्याकडे हे तीन झाल्याशिवाय चावीच मिळायची नाही.

मढ_कोळीवाडा
अष्टमीला मी पण येतो बघायला. सकाळी लवकर घ्या, दुपारनंतर वारा चढतो.