मदत हवी आहे: पायातली कळ कमी झाली पण कंबर जास्त दुखतेय, फिजिओ चालू ठेवू का?

नमस्कार मंडळी, जरा लांबलंय पण वाचा प्लीज. दोनेक महिन्यांपूर्वी पाण्याची बादली उचलताना कंबरेत कट्ट झालं, म्हटलं लचक भरली असेल, पण आठवड्याभरात कळ डाव्या कुल्ल्यातून मांडीच्या मागून पोटरीत उतरली आणि अंगठ्याला मुंग्या. खुर्चीत वीस मिनिटं बसलो की संपलं. शिंक येणार असं वाटलं की आधी भिंत धरायची. एमआरआयमध्ये एल४-एल५ ला (कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये) डिस्क बल्ज, म्हणजे मधली गादी फुगलीय, डावी नस दबतेय. डॉक्टर म्हणाले ऑपरेशनचं आत्ता काही नाही, फिजिओ करा.

सुरुवातीला काही दिवस मशीन लावलं, मग व्यायाम दिला. पालथं झोपून आधी कोपरांवर आणि नंतर हात सरळ करून छाती वर उचलायची, दहा-दहा वेळा, दिवसातून चार-पाचदा. तीन आठवडे झाले. पोटरीतली कळ जवळपास गेली, मुंग्या कधीतरीच, पण कंबर मात्र आधीपेक्षा जास्त दुखतेय, बरोब्बर मधोमध, कोणी बोट रुतवून ठेवल्यासारखी. घरचे म्हणतात व्यायामानेच वाढलंय, बंद कर आणि गपचूप पडून राहा. फिजिओला विचारलं तर "चांगलंय, चालू ठेवा" एवढंच, तोवर पुढचा पेशंट दारात उभा. कोणाला असा अनुभव आहे का? की माझंच काही चुकतंय?

प्रतिसाद १
दादा, मी यातून गेलेय. दुखणं पायातून वर सरकून कंबरेत गोळा होतं त्याला सेंट्रलायझेशन म्हणतात आणि तुम्हाला दिलेल्या मॅकेन्झी व्यायामात हेच तर हवं असतं. उलट व्यायाम करताना कळ खाली उतरायला लागली तर तिथेच थांबा. पडून अजिबात राहू नका, मी दहा दिवस राहिले आणि उठले तेव्हा पार आखडले होते. सकाळी उठल्याउठल्या वाकायचं नाही, रात्रभरात मणक्यातली गादी पाणी शोषून फुगलेली असते. मी तर मोजे पलंगावर आडवं पडूनच घालायचे, घरात सगळे हसायचे.
पण एक बघा, टाचांवर चालता येतंय का? पायाचे दोन्ही अंगठे वर ओढताना जोर सारखा लागतो का? नस दबली की तिथली ताकद कमी होऊ शकते, म्हणून विचारतेय. आणि लघवी अडली किंवा झालेली कळेनाशी झाली, बसायच्या जागेला बधिरपणा आला तर फिजिओ-बिजिओ सोडा, त्याच दिवशी इमर्जन्सी गाठा.

प्रतिसाद २
वरच्या ताईंशी सहमत. आणि रिपोर्ट घेऊन रात्री गूगल करत बसू नका, काहीच दुखत नसलेल्या माणसांच्या एमआरआयमध्येही बल्ज निघतात.

धागाकर्ता
गूगलचं कसं ओळखलंत :) लघवी वगैरे सगळं ठीक आहे. टाचांवर चाललो, जमलं. अंगठ्याचं मला सारखंच वाटत होतं पण बायकोने हाताने दाबून बघितलं तर म्हणते उजवा टिकतो, डावा लगेच झुकतो. तीनदा करून बघितलं, तिन्ही वेळा तेच. उद्या सकाळीच डॉक्टरांना दाखवतो, कंबरेचं नंतर बघू.