चार वर्षांची लेक आणि बुद्ध्यांक १५०

खवट: "लेक ४ वर्षांची, बुद्ध्यांक १५०, आता थेट पहिलीत टाका" असा सल्ला देणारी पोस्ट वाचून डोकं उठलं. पहिलीला ६ वर्षं लागतात हे गावीही नाही. चाचणी कुठली तेही नाही. बिने-कामत ही जुनी भारतीय बुद्धिमत्ता चाचणीच असणार. तिथे मानसिक वय भागिले खरं वय गुणिले १००. सहाव्या वर्षाच्या पातळीला पोचली की झाले १५०. एका प्रश्नाला २ महिने मिळतात, म्हणजे ४८ महिन्यांच्या पोरीचा एक प्रश्न जास्त बरोबर आला की आकडा ४ ने चढतो. दहाव्या वर्षी तोच प्रश्न २ गुणसुद्धा देत नाही. आणि तीच २ वर्षांची आघाडी आठव्या वर्षी १२५ होते. पोरगी काही ढ झालेली नसते.

रेवा_म: मग वेक्सलर ही दुसरी चाचणी करा की! समवयस्कांशीच तुलना, सरासरी १००, प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा फैलाव, १५. १३० म्हणजे वरचे २ टक्के. विषय संपला.

सातारी_कंदी: संपला कसा? मराठी घरातल्या पोराला इंग्रजी शब्दार्थ विचारणार? परीक्षक जागेवर भाषांतर करतात तो तर कहर. शब्द सोप्याकडून अवघडाकडे लावलेले असतात. मराठीत एखादा अवघड शब्द आधी आला की पोर ओळीने चुकतं, थांबायचा नियम लागतो आणि पुढचे येणारे शब्द विचारलेच जात नाहीत.

रेवा_म: भारतीय नॉर्म्स, म्हणजे इथल्या मुलांवरून ठरवलेले मापदंड, आहेत हो.

सातारी_कंदी: नॉर्म्स भारतीय झाले म्हणून प्रश्न मराठी होत नाहीत, ताई. नागपूरच्या मालिन यांची १९६९ ची चाचणी काढाल, तर ती ६ वर्षांपासून पुढे.

रेवा_म: म्हणजे १९४० च्या आसपासचे कामतच कवटाळून बसायचं? धन्य आहे!

खवट: भांडा सावकाश. वेक्सलरची चार वर्षांवरची आवृत्तीही सरळ नाही. किडे शोधून खूण करायच्या भागात पेन्सिल नसते, शाईचा ठसा असतो. पोरं एकेक ठसा नीट गोल उमटवत बसतात, वेळ संपतो, आणि हा भाग एकूण आकड्यात धरलेला असतो. अशा वेळी वेग आणि स्मृती वगळून काढलेला सामान्य क्षमतेचा निर्देशांक मागून घ्या.

रेवा_म: घेईन. पण १३० च्या आजूबाजूला, खरा आकडा जिथे असू शकतो असा पट्टा छापलेला असतो, तो आधी वाचा म्हणावं त्या पोस्टवाल्यांना.

सातारी_कंदी: हे मात्र बरोबर बोललात, नाइलाजाने मान्य. पण पट्टा इंग्रजीचाच!